गुंजभर

गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, असं वर छापलंय.
हिऱ्याच्या काट्यावर ठेवली तर एक गुंज भरते,
वर तांदळाचा दाणा.
म्हणजे औषध नावापुरतं, बाकी सगळं हीण.
चाळीस वर्षं इंदूरच्या सराफ्यात बसून
असला माल मी कुणाच्या हातावर ठेवला नसता,
आणि अकरा वर्षं रोज रात्री
स्वतःच्या जिभेवर ठेवत आलो.

सुरुवात सांगण्यासारखी नाही.
धाकट्यानं वाटणी मागितली,
दुकानात प्लायवूडची भिंत आली, वर राहत्या घरातही.
भिंतीपलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा.
पोरवाल केमिस्ट म्हणाला, भाऊसाहेब, ही घेऊन तर बघा.
बघितली.
एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या चार,
चिठ्ठी कुणी मागितली नाही.
आडनाव पोतदार. गावाचा कस लावायचा
आणि घरचं पितळ दिसायचं नाही.

मग एका पितृपक्षात, गिऱ्हाईक नसतं तेव्हा,
मर्दासारखी एकदम सोडली.
तिसऱ्या दिवशी पारडं स्थिर राहीना.
पाचव्या दिवशी दुकानातच आकडी आली.
डोळे उघडले तर तोंडात रक्त,
आणि धाकटा, प्लायवूडला वळसा घालून आलेला,
माझं डोकं मांडीवर घेऊन
नाकाशी चप्पल धरून बसलेला.
चप्पल त्याचीच होती. वास अजून आठवतो.
त्यावर आम्ही बोललो नाही.

बाणगंगेला जा, ही आमच्या लहानपणी शिवी होती.
तिथेच गेलो, रिक्षानं, मफलर डोक्यावरून घेऊन.
डॉक्टर नाहीद, माझ्या मुलीच्या वयाची.
एकदम सोडणं ही हिंमत नव्हे काका, जिवावर बेततं, म्हणाली.
मग विचारलं,
"गोळीच्या आधी झोप का येत नव्हती?"
अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पोरवालनं नाही, मीही नाही.
तिनं उदासीवरचं वेगळं औषध लिहिलं.
मी म्हटलं, उदास? मी?
शेजारी बसलेली कुमुद म्हणाली, "हो."
एवढंच. पर्स बंद केली.

तार ओढताना घाई केली की तुटते.
जंतराच्या एका भोकातून काढायची,
लाल करायची, निवू द्यायची,
मग पुढचं भोक, केसभर बारीक.
हे मी डॉक्टरला सांगितलं, तिनं फाइलमध्ये लिहून घेतलं
आणि पुढच्या वेळी विचारलं, कितव्या भोकात आहात?

तेव्हापासून तीन-तीन आठवड्यांनी
ब्लेडनं गोळीची कड खरवडतो, तोलतो,
राहिलेली घेतो.
मधले दिवस वाईट.
कानात मुंग्या, दिव्याचा उजेड टोचतो,
पोहे वाळूसारखे लागतात.
एकदा दोन भोकं मागे जावं लागलं.
तेव्हा रडलो, गल्ल्यावर, साडेअकराला, शटर अर्धं ओढून.

बाहेर आमच्याच ओट्यावर भागीरथचा गराडूचा तवा.
दिवसा सोनं, रात्री तेल.
अख्खं शहर जागं राहून खातंय,
आणि त्यात एक मी, भूक नसलेला, नुसताच जागा.
भागीरथ जिरावन भुरभुरतो, विचारतो,
"सेठ, आज कितना?"
त्याला माहीत आहे. मी बोटांनी दाखवतो.

शनिवारी न्यारिया येतो,
दुकानाची झाडलोट विकत न्यायला;
धुळीतले सोन्याचे कण तो धुऊन काढतो.
यंदा चाळणीवर थांबला.
"ये सफेद क्या मिला दिया?"
म्हटलं, हीण आहे. भाव कापून घे.
त्यानं कापला, जरा जास्तच.

काल चारपैकी सव्वा गोळीवर होतो.
पहाटे तीनला भागीरथनं ओटा धुतल्याचा आवाज आला,
बादली, खराटा,
मग भिंतीपलीकडे खोकला, दोनदा.
तिसरा मी ऐकला नाही.