जड पाणी

सेलूच्या बोअरचं पाणी
किटलीत पांढरा थर धरतं,
साबणाला फेस येऊ देत नाही,
आणि रोज सकाळी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली
कुणाच्या तरी लघवीत
बारीक लिफाफ्यांसारखे खडे होऊन बसतं.
मी रिपोर्टवर लिहिते : कॅल्शियम ऑक्झलेट, दोन अधिक.
डॉक्टर सांगतात, पाणी भरपूर प्या.
कुठलं, ते सांगत नाहीत.

तेच पाणी मी तीन दिवस बादलीत उघडं ठेवते
आणि कपाटावरच्या काचेच्या पेटीत ओतते.
तिथं माझे झिंगे राहतात,
करंगळीच्या पेराएवढे, डाळिंबी.
इरफानाभाभीच्या भावानं नांदेडहून आणले होते दहा,
पिशवीत, पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून.
व्यंकट जिनिंगवरून आला, केसांत कापूस,
वाकून बघत म्हणाला,
"काय करायलीस गं? एवढ्याशाचं कालवण तरी व्हायचं का?"

पहिल्या आठवड्यात एक मेलेला सापडला.
चिमट्यानं उचलला तर आत कुणीच नव्हतं.
मिशा होत्या, पाय होते, डोळ्यांच्या काचासुद्धा;
मालक तेवढा निघून गेलेला.
तो होता शेवाळामागे, उघडा, मऊ,
नव्या कवचाला आमचं जड पाणी पाजत.
म्हणजे आमच्या मुतखड्यांचा चुना
इथं भिंती बांधायच्या कामाला येत होता.

भाद्रपदात एका मादीनं पोटाखाली अंडी धरली.
तेवीस.
पेशी मोजायची सवय; पुन्हा मोजली, तेवीसच.
दिवसरात्र ती पोटाखालचे पाय हलवत
अंड्यांना ताजं पाणी घालायची.
लाइट गेली की हवेची मोटर बंद पडायची,
तिची नाही.

त्याच महिन्यात गावात डेंग्यू निघाला.
एकोणीस जण. एकोणीस रिपोर्ट,
सगळ्यांवर माझीच सही.
म्हणून नगरपरिषदेची गाडी आली
गल्लीगल्लीतून धूर सोडत.
मी लॅबमध्ये, व्यंकट पाळीवर, खिडकी उघडी.
भाभीनं धावत येऊन पेटीवर ओली चादर टाकली,
पण धूर तिच्या आधी आत आला होता.

भाभी दारात उभी राहून म्हणाली,
"माफ करो, मुझे देर हो गई."
मी म्हणाले, सही माझी होती.
तिला काही कळलं नाही, तिनं चहा टाकला.

सगळे एका बशीत मावले.
मादी कुशीवर पडलेली, पाय थांबलेले,
आणि अंड्यांत, भिंगातून बघितलं तर,
काळे ठिपके. डोळे.
मी सुईनं एकेक अंडं सोडवलं,
ड्रॉपरनं उचललं,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत नवं पाणी,
त्यात चहाची गाळणी टांगली,
खालून हवेची नळी.
आईचं काम बुडबुड्यांकडे दिलं.
"अन् चहा कशानं गाळू?" व्यंकटनं विचारलं.
कशानंही गाळ.
त्यानं आपला रुमाल धुतला.

पांढरी पडलेली अंडी रोज काढून टाकायची.
पाच. मग दोन. मग एका रात्रीत चार.
नवव्या दिवशी वाटलं, जाळीला धूळ चिकटलीय.
धुळीला डोळे होते.
अकरा. नाही, बारा. परत अकरा;
उभे राहत नाहीत, मोजू देत नाहीत,
आरपार दिसतात, आतलं खाल्लेलंसुद्धा.
व्यंकटनं चष्मा काढला, पुसला, घातला,
आणि बराच वेळ कालवणाचं नाव काढलं नाही.

आज लॅबच्या पायरीवर
पहिल्या रिपोर्टचा पोरगा बसला होता,
बिस्किट खात, आईच्या पदराला हात पुसत.
प्लेटलेट्स एक लाख ऐंशी हजार.
मी सही केली.

घरी येऊन किटली पालथी केली,
तळाचा पांढरा थर चमच्यानं खरवडला,
आणि चिमूटभर
बरणीत सोडला.