ओचा

सिलिस्त्राच्या संग्रहालयात, तळघरातल्या खोलीत,
हिवाळ्यात दोनच गोष्टी उबदार असतात:
टेबलावरचा दिवा
आणि स्पास कारादिमोव्हचा अंगठा.
त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय.
तो नाणी चाचपून वाचतो, मी लिहून घेते.

मुखवट्याच्या बाजूला तो फारसा थांबत नाही.
"सम्राट काय, नाक पुढे काढून बसलेलाच असणार.
पालथं कर, नेदा. बाई कोण आहे ते सांग."

पालथ्या बाजूला बहुतेकदा एक बाई उभी असते,
नखाएवढी. तिला धड चेहरा नाही,
चेहऱ्याला जागाच उरली नव्हती.
म्हणून हात बघायचे.
देवी हातांवरून ओळखायची, स्पास म्हणतो, नव्या सुनेसारखी.

सापाला वाटीतून पाजते ती सालुस, आरोग्य.
सुकाणू धरलेली फोर्तुना,
तिच्याकडे फार वेळ टक लावू नये.
खांबाला रेलून, पायावर पाय टाकून, हात डोक्यावर,
ती सेक्युरितास, निर्धास्ती.
"इतकी निवांत टेकलेली बाई
मी आयुष्यात फक्त नाण्यावरच पाहिली."

तराजू आणि फळांनी भरलेलं शिंग
आलं की मी हमखास चुकते.
न्यायाची देवी असेल, नाहीतर टांकसाळीची.
तोच तराजू, तेच शिंग,
कडेची अक्षरं झिजली की दोघी जुळ्या.
स्पास हसतो: "अक्षरं होती तेव्हा तरी
कुणाला फरक कळत होता?"

एक नियम त्यानं मला लिहू दिला नाही, नुसता सांगितला.
घरात नसतं तेच नाण्यावर काढतात.
भावाभावांनी सुऱ्या उपसल्या की सलोखा.
साथीत गल्ल्या ओस पडल्या की आरोग्य.
शिपायांनी तंबूतच राजा कापला
की नव्या राजाच्या नाण्यावर, दोन निशाणं धरून,
शिपायांची निष्ठा.
चांदी कमी होत गेली
तशा या बायका वाढत गेल्या.

मंगळवारी योर्दांका आली, आल्फातारच्या बाजूची.
रुमालाच्या गाठीत एक नाणं,
कांद्याच्या वाफ्यात सापडलेलं.
दोन वर्षं घरीच होतं, संतांच्या तसबिरीमागे.
कायदा माहीत होता. सोडवत नव्हतं, म्हणाली.

नाणं हिरवंगार, कडा खाल्लेल्या. एक अक्षर नाही.
बाईचा उजवा हात कोपरापासून गेलेला.
स्पासचा अंगठा फिरला, थांबला, परत फिरला.
मी दिवा जवळ ओढला.

"मी सांगू कोण ते?" योर्दांका म्हणाली.
"ही गालिचे धुवायला नदीत उतरतेय.
डाव्या हातानं ओचा उचललाय बघा,
आणि पाणी गार आहे,
म्हणून पाऊल असं चाचरत टाकलंय.
माझी आई अशीच उतरायची. मीही.
मुलगी आता स्पेनमध्ये मिरच्या तोडते,
प्लॅस्टिकच्या छपराखाली.
तिथे म्हणे पाणी नळीतून थेंब थेंब येतं."

आम्ही दोघंही गप्प झालो.
उत्तर बरोबर होतं, तिला नाव तेवढं ठाऊक नव्हतं.
ओचा उचलून निघालेली ती स्पेस. आशा.
उजव्या हातात फुलाची कळी असते,
ती हाताबरोबर गेली.
ओचा का उचलते,
भरभर चालता यावं म्हणून, की चिखल लागू नये म्हणून,
हे आमच्या एकाही यादीत नाही.

मी पावती दिली.
योर्दांकानं रुमालाची घडी घातली,
मग उलगडून पुन्हा गाठ मारली, रिकामीच,
आणि जिना चढून गेली.

नोंदवहीत मी लिहिलं: ब्राँझ. खूप झिजलेलं.
मागे स्त्री, डावीकडे चालत, ओचा उचललेला.
नावाच्या रकान्यात पेन टेकलं
आणि तिथेच शाई पसरत राहिली.

"गेली का ती?" स्पासनं विचारलं.
खिडकीतून दुनाव दिसत होती, बर्फाचे तुकडे घेऊन चाललेली.
"विचारायचं राहिलं," तो म्हणाला,
"पाणी कुठवर यायचं तिला."