पीठ कुठे लपतं

जुनं मशीन उघडलं तेव्हा आगुस्तीन मेस्त
काहीच बोलला नाही.
बॅटरी माझ्या हातात दिली, म्हणाला, बाय, बघ.
डोक्याखालच्या गोल खाचेत
सहा वर्षांचे केक बसले होते,
थरावर थर, बिबिंकेसारखे.
वर पिवळट, परवाच्या बाथचा रवा.
खाली चॉकलेट, बहुतेक सुलक्षाच्या नातीचं बारसं.
त्याच्याखाली करडं काहीतरी, केसाळ,
त्याला नाव द्यायचं धाडस झालं नाही.
आणि अगदी तळाला लाल.
ती आमची डिचोलीची धूळ.
खाणीचे ट्रक थांबले होते तेव्हाही ती यायची,
तिला कुणी कळवलंच नव्हतं.

हे म्हणाले, असू दे गं, आठवणी आहेत.
मी म्हटलं, आठवण वेगळी, बुरशी वेगळी.

म्हापशाच्या दुकानात आठ मशीनं उभी,
लग्नाला आल्यासारखी नटून.
एक पुदिन्याच्या रंगाचं, एक गुलाबी,
एक लालभडक, मानेवर चंदेरी पट्टी,
पट्टीत कोरलेली अक्षरं,
एकेका अक्षरात चिमूटभर मैदा मावेल.
रोहिदास नावाचा मुलगा (छातीवर पाटी होती)
वॅट सांगू लागला.
हजार. बाराशे. चौदाशे. दहा स्पीड.
मी विचारलं, पीठ कुठे लपतं?
तो म्हणाला, अं?

मी पर्समधून डबी काढली.
रवा, खोबरं, बलक, साखर,
सकाळीच कालवून आणलेलं.
बोटावर घेतलं आणि पुदिन्याच्या मानेला फासलं.
मग गुलाबीला. मग लालला.
मालक गल्ल्यावरून उठला.
बाय, बाय, हे काय!
दहा मिनिटं सुकू दे, मी म्हटलं.
पंख्याखाली तिघं थांबलो
रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखे.

मग ओल्या फडक्याचा एकच हात.
पुदिना हरला. खोबरं जोडाच्या फटीत गेलं
आणि तिथून बघत राहिलं.
गुलाबीच्या बटणाभोवती चर होता, त्यात बलक.
लालचं तर बोलायलाच नको,
अक्षरं आता नीट वाचता येत होती.
शिवाय त्याचा हूक काढायला
दोन हात आणि एक नवस लागत होता.

कोपऱ्यात एक राखाडी होतं.
त्याच्या डोक्यावर इस्त्र्यांची खोकी रचलेली.
ती उतरवायला लावली.
पाठ सलग, बांगड्यासारखी,
कुठे नक्षी नाही, नाव खाली, पोटाला.
भांडं स्टीलचं, काठ आत वळलेला नाही.
फेटणी बिनरंगाची, पोलादी,
घासल्यावर हात काळे न करणारी.
फासलं, थांबलो, पुसलं.
सगळं फडक्यावर आलं.

ह्यात सहाच स्पीड, मालक म्हणाला.
मी जन्मात तीन वापरले, मी म्हटलं.
दिसायला जरा...
दिसायचं केकनं.

त्याला काय सांगू,
नाताळच्या आठवड्यात चाळीस ऑर्डरी असतात.
केकचे फोटो काढतात लोक.
रात्री साडेअकराला मोरीपाशी
टूथपिक घेऊन वाकलेल्या बाईचा
कुणी काढत नाही.
तिचा पत्ता फक्त मुंग्यांना ठाऊक.

किंमत ऐकून हे दोनदा खोकले असते,
म्हणून त्यांना आणलंच नव्हतं.
बोलिन्यांचे पैसे रुमालात होते, मोजून दिले.

कदंबला अजून वीस मिनिटं होती.
दुकानाच्या पायरीवर खोकं ठेवून बसले.
आत रोहिदास काडेपेटीची काडी घेऊन
पुदिन्याच्या मानेत वाकला होता.
झालं? मालकानं विचारलं.
झालंच, झालंच.

गाडी आली. कंडक्टरनं खोकं वर घेतलं.
काचेतून पाहिलं,
दुसरी काडी घेतली होती त्यानं.