सातवी पट्टी

ग्दिनियाच्या बंदराकडे वळणाऱ्या रस्त्यावर
बोग्ना शिडीवर. खाली झेनेक, खळीची बादली.
बारा पट्ट्या, नंबर टाकलेल्या.
आधी केस, मग दात.
एवढे दात
धुणं धुताना कुणाचे दिसतात?
मग नवऱ्याचा शुभ्र सदरा,
मग पावडरीचा पुडा, बोग्नाहून उंच.

सातवी वाऱ्यानं नेली.
क्रेनच्या पलीकडे, फडफडत, पाण्यात.
सातवीत बाईचे हात होते.

मोकळ्या जागेतून
मागच्या महिन्यातली मोटार डोकावली:
स्टिअरिंग, त्यावर दोन केसाळ मुठी,
मनगटावर जाड घड्याळ.

"राहू दे," झेनेक म्हणाला, "उद्या बघू."
उद्या कुणी बघितलं नाही.
परवाही नाही.

पाचव्या दिवशी कंपनीचा फोन:
पुड्याचा कोपरा सुटलाय, ताबडतोब चिकटवा.

बोग्ना चढली. कोपरा दाबला, अंगठ्यानं, दोनदा.
मग जरा मागे रेलून पाहिलं.
सदरा मागच्या मागे राहिलेला,
आणि बाई
सगळे दात दाखवत
कुठेतरी निघालेली.

नवी सातवी छापून आलीय.
गुंडाळी गाडीत पडून आहे.
"वारा फार आहे,"
बोग्ना रोज सकाळी कळवते.