सतरा नंबरचा चिरा

दार साडेतीन फूट.
कॉम्प्रेसर चाक उतरवून, बोल्ट काढून,
रंग खरवडून मोजला तरी
साडेतीन फूट आणि दोन बोटं.

आपा मणचेकरांनी तीनदा टेप लावली,
जणू चौथ्या खेपेला लोखंड अंग चोरेल.

मग जुनं यंत्र आत शिरलं कसं?
इनूस मुकादम न पेटवलेली विडी चघळत म्हणाला,
ते शिरलंच नाही. ते आधी आलं.
खोली मागाहून बांधली, त्याच्याभोवती.

नारळी पुनव आठ दिवसांवर.
देवगडच्या बंदरात होड्या डांबर पिऊन तयार,
आणि बर्फाच्या कारखान्यात बर्फ नाही.
एका अंगाला खाडी, एका अंगाला कातळ,
तिसऱ्या अंगाला ते दार,
चौथ्या अंगाला दुर्पदा कुबलची रांधपाची खोली.

आपा नारळ घेऊन गेले.
ती सुका बांगडा भाजत होती. चिमटा हातातच ठेवून
भिंतीकडे बघत राहिली.
बावीस वर्षं ही भिंत रात्रभर गुणगुणायची.
जुनं यंत्र बंद पडलं तेव्हापासून—
"महिनो झालो, माका झोप नाय.
फोडा. पण सांजच्या आत परत लावन् देवा.
आणि चुलीक हात लावलात तर बघा."

खडू कुणाकडेच नव्हता, तिने चुलीतला कोळसा दिला.
तुळईला दोन टेकू लावले,
आणि एकेक चिरा निघाला तसा मी त्यावर आकडा घातला,
एक ते एकतीस.
मी सोळा वर्षांचा. पाचर धरायच्या कामावर,
कारण बारीक.

इनूस आत ओरडू द्यायचा नाही.
चार भिंतींत आवाज आपटून उलटा येतो,
हात भलतंच ऐकतात.
तो हातोडीने पहारीवर बोलायचा:
एक टक— थांब.
दोन— ढकल.
तीन म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नव्हतं.

स्लीपरवर खोबरेल ओतलं तिनेच,
फोडणीपुरतं बाटलीत राखून.
तीन टन लोखंड पायपांवरून निघालं,
मडकी, शिंकं, मिठाचा रांजण ओलांडत,
चुलीपासून वीतभर अंतरावर,
एखाद्या जाड पाहुण्याने
पंगतीतून वाट काढावी तसं.
टक टक.
टक.
टक टक.

मग एक पाइप तिरका झाला.

टक टक टक.

मी भिंतीला. यंत्र माझ्याकडे.
पोट पाठीला लागलं, श्वास कुठे ठेवला आठवत नाही.
लोखंडाला माशांचा वास येत होता,
की मला, की भिंतीला.
कुणी काही करायच्या आत
दुर्पदाने पायानेच वरवंटा ढकलला, पाइपाखाली.
त्याचा कपचा उडाला, थेट डाळीच्या टोपात.
यंत्र थांबलं.
"भायर ये रे मेल्या," ती म्हणाली,
आणि डाळीतला कपचा शोधायला लागली.

पुढचं काम गंजीत घाम मुरवण्याचं.
चेनपुली, कडी कडीने.
फाउंडेशनच्या चार बोल्टांवर चार भोकं उतरेपर्यंत
इनूस जमिनीवर पालथा, गाल गारेगार काँक्रीटला.
पाणसळीतला बुडबुडा हट्टी, डावीकडेच.
बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून
खाली सारला, एक पट्टी, अर्धी पट्टी,
आणखी नखभर.
बुडबुडा मध्ये आला तेव्हा
बाहेर दिवेलागण झाली होती.

भिंत कंदिलाच्या उजेडात परत रचली.
सतरा नंबरचा चिरा मी उलटा लावला,
आकडा तिच्या बाजूला, डोकं खाली.
इनूसने पाहिलं. विडी शेवटी पेटवली.

सिमेंट धरायला चार दिवस गेले.
पाचव्या रात्री आपांनी खटका दाबला.
मी तिच्या खोलीत उभा होतो,
तिने तळवा भिंतीवर ठेवला, बरोबर सतरावर.
बराच वेळ.
"सूर येगळो हा," ती म्हणाली.
मग, "सवय होतली."

झोप लागली का, ते मला कळलं नाही.
पहाटेच्या गाडीने आम्ही विजयदुर्गला निघालो,
तिथे दुसरं दार होतं, दुसरी दोन बोटं.

वरवंट्याचे पैसे आपांनी दिले नाहीत.