हातशिलाई

रोझलीननं तिला रिक्षातून आणली,
काजूच्या पोत्यात गुंडाळून, डोकंसुद्धा आत.
म्हणाली, "मामा, आठ दिस ठेवा नुसती.
बंद फॅक्टरीत मिळाली, भट्टीच्या मागे.
गळ्यात दोरी होती. दोरीचं दुसरं टोक
कशालाच बांधलेलं नव्हतं."

मी वेंगुर्ल्याच्या बाजारातला शिंपी.
झंपर, गणवेश, लग्नसराईत परकर डझनावारी.
तुळशीशिवाय कुणाला पाणी घातलेलं नाही.

पोत्यातून निघाली ती थेट
कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगात,
आणि तिथं भिंतीच्या रंगाची झाली.

संध्याकाळी मशीनवर पाय ठेवला.
चार टाके पडले असतील नसतील,
टेबलाखालून ओल वाहत आली माझ्या चपलेपर्यंत.
तो आवाज तिच्या कुठल्या दिवसाचा होता
मला काय ठाऊक.
फरशी पुसली. चाकावरचा पट्टा उतरवून ठेवला.
दिव्याखाली सुई ओवायला बसलो,
तीनदा दोरा चुकला.

मग कळलं, टेपलाही भिते.
तीस वर्षं माझ्या गळ्यात टेप आहे,
तो खणात ठेवला तर मान उघडी पडल्यासारखी वाटली.
बायकांना म्हटलं, मापाला जुना झंपर आणा.
आरोलकरीण दारातूनच ओरडली,
"माझो झंपर दिवाळेक मिळतलो, काय शिमग्याक?"
टेबलाखालून उत्तर आलं नाही.
माझ्याकडूनही नाही.

भातात बांगड्याचं डोकं कुस्करून ठेवायचं
आणि पाठ फिरवून बसायचं, रस्त्याकडे तोंड करून,
बसची वाट बघत असल्यासारखं.
आधी काहीच ऐकू यायचं नाही.
मग घड्याळ.
मग कितीतरी वेळानं ॲल्युमिनियमवर जीभ.
एकदा मागं वळून पाहिलं.
त्या रात्री ती उपाशी राहिली, माझ्यामुळं.

आठाचे सव्वीस झाले.
रोझलीन आली, वाकून बघितलं,
जंताच्या गोळ्या ठेवल्या. "नाव काय ठेवलात?"
नाव नाही ठेवलं. नावं ठेवणारे
बाजारात पुष्कळ आहेत.
मी आपला म्हणायचो, खा गो. ये गो.
भिया नको गो.
आता रस्त्यावर कुणी कुणाला "काय गो" म्हटलं
की टेबलाखाली एक कान उभा राहतो.
दुसरा अर्धाच आहे.

पट्टा परत चढवला. तेल दिलं.
पायानं नाही, हातानं चाक फिरवलं.
एक टाका. थांबलो. सुकटीची चिमूट टाकली.
दुसऱ्या दिवशी दोन टाके.
अशानं कुणाचं पोट भरत नाही, माझं तर नाहीच,
पण एका दुपारी अख्खी बाही जोडून झाली
आणि खाली बघतो तर ती पाय ताणून झोपलेली,
स्वप्नात कुठंतरी पळत.

दिवाळी होऊन गेली.
बंदरावरून खारा वारा येत होता, वीज गेलेली.
आरोलकरीणीचा झंपर पुढ्यात घेतला,
आता करूनच टाकू म्हणून.
पाय टाकणार, तोच ती उठली.
टेबलाखालून बाहेर आली, उजेडात, सगळीच्या सगळी
(मी तिची शेपटी पहिल्यांदाच नीट पाहिली,
टोकाला पांढरी आहे),
आणि पायडलवर हनुवटी टेकून आडवी झाली,
नेमकी माझा पाय पडतो त्या जागी.

"झालो?" दारात आरोलकरीण.
मी ओठांवर बोट ठेवलं.
तिनं वाकून पाहिलं. छत्री कोपऱ्यात ठेवली.
आणि जी बाई मासळी बाजारात ओरडते
ती बंदरापर्यंत ऐकू जाते,
ती स्टुलावर बसत कुजबुजली,
"दुसरी सुय आसा काय?"

हुकं तिनं लावली. गळपट्टी मी दुमडत गेलो.
अंधार पडला तसा मेणबत्ती लावली एकच, दोघांत.
पायाला मुंग्या आल्या होत्या,
पण ठेवायचा कुठं.