बुरा

डबीवर नाव: यल्लूबाई सांबरेकर, निपाणी,
वय चौपन्न.
सकाळचा पहिला बेडका, सांगितला होता तसाच.
बेळगावच्या बसमध्ये डबी पदराखाली धरली होती,
कंडक्टरला वाटलं प्रसाद.

स्लाइडवर पोटॅशचा एक थेंब, वर काच.
वीस मिनिटं थांबायचं.
तेवढ्यात अथणीच्या मास्तरांची प्लेट उघडतो:
हिरवट, आणि वास पिकल्या द्राक्षांचा.
हा जंतू असाच, गोड वासाचा,
साध्या औषधांना जुमानत नाही.
मास्तरांची स्वतःची द्राक्षबाग आहे.
वासाचं मी त्यांना सांगितलं नाही.

आता यल्लूबाई.
भिंगाखाली धागे, जोंधळ्याच्या ताटासारखी पेरं,
फांद्या सगळ्या एकाच बाजूला कललेल्या,
जणू आत कुठंतरी वारा आहे.

वारा आहेच. तिचाच.

बारा वर्षांमागं टीबी बरा झाला, कोर्स पुरा.
जाताना उजवीकडं, वरच्या अंगाला
लिंबाएवढी पोकळी सोडून गेला.
मग तंबाखूची वखार, चाळणी, धूळ, दम,
आणि दम लागला की मेडिकलवाल्यानं दिलेल्या
बारक्या पांढऱ्या गोळ्या.
"लगेच बरं वाटायचं की."
बरं वाटायचं. राखणदार झोपायचा.

पाचव्या दिवशी प्लेटवर उगवलं:
धुराच्या रंगाचं, निळसर मखमल.
खोटं कशाला बोलू, देखणं असतं.

डॉक्टर हुक्केरीचे, कन्नड.
फिल्म उजेडाला धरून म्हणाले, बूष्टु.
ती माझ्याकडं बघते.
बुरा, मी म्हणतो. शिळ्या भाकरीवर येतो तो.
"मग खरवडून टाका की."

खरवडता येत नाही, यल्लूबाई.
रक्त फार पडायला लागलं तर ऑपरेशनचं बघतील.
तोवर ही कॅप्सूल, दोन वेळा, भरल्या पोटी.
ॲसिडिटीची गोळी घ्यायची नाही.
पांढऱ्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा
हळूहळू कमी, एकदम बंद नाही.
लिव्हरसाठी अधूनमधून रक्त तपासायचं.
सहा महिने. कदाचित जास्त.

ती बोटांवर मोजते, शिमग्याला थांबते,
पुन्हा पहिल्या बोटावर येते.
कागद घडी करून कमरेच्या पिशवीत.
दारापर्यंत जाते, वळते.

"ती डबी परत मिळतंय काय?
झाकण घट्ट बसतंय.
मिठाला होईल."